चोवीस सह्या

"चोवीस," कारकूनकाका म्हणाले. "त्यात एकही कमी चालणार नाही. आणि आज चारच्या आत."

आमच्या हॉस्पिटलात शिक्षण विभागाची खिडकी इतकी खाली आहे, की वाकल्याशिवाय कुणाला आत बोलताच येत नाही. ती मुद्दाम तशी केली असावी, असं माझं फार दिवसांचं मत आहे. मी वाकले होते. कालच्या ड्युटीने पाठ धरली होती, आणि काकांनी माझा अर्ज दोन बोटांनी माझ्याकडे परत सरकवला होता.

"काका, तीन वर्षं शिकवतेय मी. सगळ्या हॉस्पिटलाला माहीत आहे."

"मग सगळ्या हॉस्पिटलाची सही आणा," काका म्हणाले आणि स्वतःच हसले. मी हसत नाही हे पाहून जरा नरमले. "हे बघा डॉक्टर, नियम काही मी केला नाही. मागच्या वर्षी कुणीतरी बोंब मारली, की उत्तम शिकवणाऱ्या डॉक्टरचा गौरव वशिल्याने देतात. म्हणून यंदापासून हा तक्ता. शिकवलं ती तारीख, काय शिकवलं तो विषय, आणि ज्याला शिकवलं त्याची सही. अशा चोवीस ओळी. सगळ्यात खाली इंटर्नांच्या प्रतिनिधीची सही, की वरचं सगळं मी तपासलं आणि ते खरं आहे. तुमच्या त्या जोडीदारांनी तर महिन्यापूर्वीच आणून दिला."

जोडीदार म्हणजे माझ्याच वर्षाचा एक डॉक्टर. आम्ही त्याला पडदेवाला म्हणतो. दर गुरुवारी सभागृहातले दिवे घालवून, पडद्यावर चित्रं दाखवत तो इंटर्नना तासभर शिकवतो. निम्मे झोपतात. पण दारातच हजेरीचा कागद असतो, त्यामुळे झोपण्यापूर्वी प्रत्येकाने सही केलेली असते. माणूस वाईट नाही. फक्त त्याच्याकडे कागद आहेत आणि माझ्याकडे नाहीत.

माझं शिकवणं सगळं चालता चालता. शीर सापडत नसेल तर आधी रुग्णाचा हात आपल्या हातात धरून ऊब द्यायची, हे मी जिन्यात शिकवलं. नातेवाइकांना वाईट बातमी उभ्या उभ्या सांगायची नाही, आधी त्यांच्यासाठी खुर्ची शोधायची, हे लिफ्टची वाट बघताना. टाके घालायला चादरींच्या खोलीत फाटक्या उशांवर शिकवलं आणि त्यापायी वॉर्डच्या सिस्टरची बोलणीही खाल्ली, कारण त्या नादात आम्ही एक चांगली उशीसुद्धा शिवून टाकली होती. पन्नासेक पोरं माझ्या हाताखालून गेली. प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी दटावून सांगितलं, की रुग्णासाठी जे जे कराल ते केसपेपरवर लिहा. लिहिलं नाहीत तर तुम्ही ते केलंच नाही असं धरतील. स्वतः मात्र तीन वर्षांत एक अक्षर लिहून ठेवलं नव्हतं. अशी मी शहाणी.

पावणेअकरा वाजले होते.

आता या गौरवाचं एवढं काय, असं कुणी विचारेल. एक चकचकीत पाटी मिळते आणि टाळ्या. टाळ्यांची मला पडलेली नव्हती. पण ज्याला हा गौरव मिळतो त्याला पुढची दोन वर्षं याच हॉस्पिटलात, नव्या डॉक्टरांना शिकवायच्या जागेवर ठेवून घेतात. बाकीच्यांनी महिनाअखेर बदलीच्या यादीत जे गाव असेल तिकडे निघायचं. यादीत माझं नाव सोळा तासांच्या प्रवासावरच्या एका लहानशा हॉस्पिटलापुढे होतं.

आणि घरी आई होती.

आईला दिसत नाही. आयुष्यभर टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, लोकांना आवाजावरून ओळखायची. सहा वर्षं नजर विझत गेली आणि गेल्या वर्षी पुरती गेली. पण आमचं दोन खोल्यांचं घर तिला पाठ आहे. पलंगापासून दार सात पावलं, दारापासून ओटा अकरा, गॅसचं बटण कमरेच्या उजवीकडे एक वीत. चहा स्वतः करते, कपड्यांच्या घड्या घालते, जिन्यावरच्या पावलांवरून कोण आलं ते सांगते. नव्या माणसाला पहिली दहा मिनिटं कळतही नाही, की हिला दिसत नाही. त्या दहा मिनिटांवर ती जगते.

ते घर सोडलं की संपलं. दादाकडे जायचं, तर वहिनीला दर पंधरा दिवसांनी फर्निचर हलवायची हौस. मागच्या खेपेला आई तिथे चार दिवस राहिली आणि दोन्ही नडग्या काळ्यानिळ्या करून परत आली. माझ्याबरोबर त्या लहान गावात यायचं, तर अनोळखी खोल्या, मी दिवसभर ड्युटीवर, आणि ही एका खुर्चीवर बसून माझी वाट बघणार. त्यात मागच्या महिन्यात बाहेर एका जिन्यावर पडली, उजवं मनगट अजून पट्टीत होतं. त्या दिवशी सकाळी मी निघताना तिने विचारलं होतं, "झालं ना गं तुझं पक्कं?" आणि मी म्हटलं होतं, "झाल्यातच जमा आहे."

खिडकीपासून मी तडक मोठ्या मॅडमकडे गेले. मोठ्या मॅडम म्हणजे आमच्या विभागप्रमुख. त्या म्हणाल्या, "तुझ्यासारखं इथे कुणी शिकवत नाही, हे मला ठाऊक आहे. पण यंदा माझे हात बांधलेले आहेत. तक्ता तेवढा भरून आण, पुढचं मी बघते." म्हणजे जागा माझीच होती. घोडं फक्त कागदावर अडलं होतं.

डॉक्टरांच्या खोलीत पडदेवाला डबा खात बसला होता. त्याला सांगितलं तर तो घास हातात धरून माझ्याकडे बघतच राहिला.

"अगं, वेडी का तू? शिकवलंयस ना?"

"शिकवलंय."

"मग टाक तारखा. कोण विचारतंय?"

"कुठल्या तारखा?"

"कुठल्याही. रविवार तेवढे सोड."

मी टाकल्या. रविवार सोडून. विषय सगळे खरे होते. हे मी लिहिता लिहिता स्वतःला इतक्या वेळा बजावलं, की तेव्हाच काय ते समजायला हवं होतं. पण त्या वेळी मला आमचा ओटा दिसत होता, आणि ओट्याची कड चाचपणारा आईचा डावा हात. चोवीस ओळी भरायला पाऊण तास लागला. मग तक्ता घेऊन मी धावत सुटले.

आधीच्या दोन तुकड्यांतली पोरं आता हॉस्पिटलभर पांगलेली. हाडांच्या वॉर्डात एकाने भिंतीला कागद टेकवून सही केली आणि म्हणाला, "मॅडम, पार्टी पाहिजे हं." बाळंतिणींच्या वॉर्डात एकीचे दोन्ही हात अडकलेले, तिने मानेनेच थांबायला सांगितलं, हात धुऊन आली, ओल्या बोटांनी सही केली आणि पळाली. एकाने तर तीन ओळींवर सह्या केल्या. मी म्हटलं, "अरे, तुझी एकच." तर म्हणतो, "असू दे मॅडम, तुमच्यासाठी कितीही." मला भरून आलं. त्यांच्यातल्या एकानेही आपण सही करतोय ती ओळ वाचली नव्हती. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला त्याचा आनंदच झाला.

दोन वाजून गेले तेव्हा चोवीस ओळी भरल्या होत्या. राहिली होती खालची, प्रतिनिधीची सही. आणि प्रतिनिधी होती शंका.

शंका हे तिचं नाव नव्हे. यंदाच्या तुकडीतली ही पोरगी दर पाच मिनिटांनी हात वर करून "मॅडम, एक शंका आहे" म्हणायची, म्हणून सिस्टरनी तिला ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. प्रतिनिधी व्हायला दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून ते काम तिच्या गळ्यात पडलेलं. बारीक, चष्मेवाली, खांद्यावरून घसरणारा एप्रन. पाच महिन्यांत तिने मला जितकं छळलं तितकं कुणी छळलं नसेल, आणि मला ती सगळ्यांत जास्त आवडायची.

ती बारा नंबरच्या खाटेशी उभी होती. रुग्णाच्या छातीकडे बघत श्वास मोजत होती. मी बोलायला तोंड उघडलं, तर तिने न बघता हात वर करून मला थांबवलं. अर्धं मिनिट मोजून दुप्पट लिहायचं नाही, पूर्ण मिनिट मोजायचं, हे मीच शिकवलेलं. मी हातात तक्ता धरून ते पूर्ण मिनिट उभी राहिले. माझा जीव टांगणीला लागला होता आणि ही बाई श्वास मोजत होती.

तिने आकडा लिहिला. मग तक्ता घेतला, खिडकीपाशी गेली आणि वाचायला लागली. पहिली ओळ. दुसरी. तिसरी. बोट ठेवून.

"अगं, वाचतेस काय? सही कर. चारला खिडकी बंद होते."

"हो मॅडम," ती म्हणाली आणि वाचत राहिली. सतराव्या ओळीवर बोट थांबलं.

"मॅडम, एक शंका आहे."

"बोल."

"छातीतल्या नळीची काळजी. चौदा तारीख."

"मग? शिकवली नाही का मी?"

"शिकवलीत. पण चौदाला तुम्ही आला नव्हतात." ती अगदी हळू बोलत होती. "त्या दिवशी तुमच्या आई पडल्या. तुम्ही मला फोन केला होतात, की आजचं ड्रेसिंग तू एकटी कर."

चौदाला मी आईला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले होते. उतरताना तिने विचारलं, "किती पायऱ्या?" मी फोनमध्ये बघत होते. म्हटलं, "सात." आठ होत्या. सातवीनंतर तिने जमीन आहे अशा भरवशाने पाय टाकला. ती तारीख डोक्यात खिळ्यासारखी रुतून बसली होती, आणि अंदाजाने तारखा टाकताना हातून नेमकी तीच पडली.

"बरं, तेरा कर," मी म्हटलं.

"तेराला आमची तुकडी दुसऱ्या वॉर्डात होती."

"मग बारा कर! कुठलीही कर! शिकवलं की नाही शिकवलं?"

"शिकवलंत मॅडम. पण बाकीच्याही ओळी... ही नववी, ही अकरावी, या आमच्या तुकडीच्या आधीच्या आहेत. मी नव्हते तेव्हा. आणि इथे खाली लिहिलंय, की मी तपासलं." तिने चष्मा वर सरकवला. "मी तपासलेलं नाही."

"तपासतं कोण? सगळे करतात."

ती म्हणाली, "तुम्हीच सांगितलं होतंत. चादरींच्या खोलीत."

सांगितलं होतं. तिच्या पहिल्याच आठवड्यात तिने एका रुग्णाचं चार वाजताचं बीपी त्याच्याजवळ न जाता, दोन वाजताचं बघून उतरवून काढलं होतं. मी तिला भर वॉर्डात फाडून खाल्लं. ती रडत चादरींच्या खोलीत गेली, तेव्हा मी तिच्या मागे गेले आणि जे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. मी इंटर्न असताना माझ्या वॉर्डात एक शिंपी होता, पोटाचं ऑपरेशन झालेला. माझ्या एप्रनचे खांदे उतरतात म्हणून मला हसायचा. म्हणायचा, "सुईदोरा आणा डॉक्टरीणबाई, पाच मिनिटांचं काम आहे." एका दुपारी चार वाजता मी त्याच्या नाडीपुढे चौऱ्याऐंशी लिहिलं आणि सही केली, कारण तीनला चौऱ्याऐंशी होती आणि मला चहा प्यायचा होता. त्याला हात लावला नाही. आत रक्त वाहत होतं. साडेपाचला गेला. चार्टवर माझी सही होती, की चारला सगळं ठीक आहे. मला कुणीही एका शब्दाने विचारलं नाही. शंकाला मी म्हटलं होतं, जे तू स्वतः पाहिलं नाहीस त्यावर सही करायची नाही. मी सांगितलं तरी नाही, मोठ्या मॅडमनी सांगितलं तरी नाही.

"ते रुग्णाबद्दल होतं," मी म्हटलं. "हा कागद आहे. यात कुणी मरत नाही."

"हो मॅडम."

"मग कर."

तिने मान हलवली. नाही.

मग मी तिला आईचं सगळं सांगितलं. सात पावलं, अकरा पावलं, वहिनीचं फर्निचर, सोळा तास. वॉर्डच्या खिडकीपाशी उभी राहून, माझ्याहून सहा वर्षांनी लहान मुलीपुढे मी अक्षरशः पदर पसरला. ती रडायला लागली. चष्मा काढून एप्रनला पुसत होती आणि रडत होती, पण पेन हातात घेत नव्हती. "मॅडम, दुसरं काहीही सांगा," ती म्हणाली. "तुमच्या आईजवळ मी रोज येऊन बसेन. हे नका सांगू."

आणि मी, जिला सगळं हॉस्पिटल चांगली शिकवणारी म्हणतं ती मी, तिला म्हटलं, "तुला शिकवण्यापेक्षा त्या उशा शिवत बसले असते तर बरं झालं असतं."

तिने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग खिशातून एक लहान वही काढली. वहीत तिने मी शिकवलेलं लिहून ठेवलं होतं, तारीख आणि वेळेसकट. मी बघतच राहिले. तिने दुसरा कोरा तक्ता मागितला. मी दिला, माझ्याकडे दोन होते. ती खाटेजवळच्या टेबलावर टेकून वहीतून एकेक ओळ उतरवत गेली, प्रत्येकीपुढे सही करत गेली, आणि शेवटी प्रतिनिधीच्या जागी पूर्ण नाव लिहून सही केली. नऊ ओळी झाल्या होत्या.

"माझ्याकडे एवढंच आहे, मॅडम," ती म्हणाली.

नऊ ओळींचं मी काय करणार होते? मी दोन्ही कागद तिच्या हातातून ओढले आणि तिच्याकडे न बघता निघाले. सव्वातीन झाले होते. नियमात प्रतिनिधी किंवा उपप्रतिनिधी असं होतं. उपप्रतिनिधी होता इस्त्री, ज्याच्या एप्रनला कधी सुरकुती पडत नाही म्हणून ते नाव. तो वरच्या मजल्यावर होता. मी जिना चढताना धापा टाकत होते आणि मनात शंकाला शिव्या देत होते. आगाऊ कार्टी. हिला काय जातंय.

इस्त्री फोनवर बोलत होता. मला बघून हसला, फोन खांद्याने कानाशी धरला आणि तक्ता घेतला. मी बोटाने जागा दाखवली. त्याने सही केली, फोनवर कुणाला तरी "नाही, तू बोल ना" म्हणाला, आणि पेन परत केलं. तीन सेकंद लागले असतील.

माझ्या अंगातलं सगळं ओझं उतरलं. झालं. आई घरातच राहणार. मी त्या भिंतीला टेकून दोन श्वास घेतले.

इस्त्रीने समोरच्या खाटेच्या पायथ्याशी लटकवलेला चार्ट उचलला. फोन कानाशीच. त्यावर काहीतरी लिहिलं, सही केली आणि चार्ट परत अडकवला. खाटेवरचा म्हातारा भिंतीकडे तोंड करून झोपलेला होता. इस्त्री त्याच्यापासून चार हात लांब होता.

"काय लिहिलंस?" मी विचारलं.

"नाडी. ऐंशी."

"हात लावलास?"

तो हसला. अगदी मोकळं, प्रेमाने हसला. "मॅडम, सकाळपासून ऐंशीच आहे. बरे आहेत ते."

त्याला रागवायला मी तोंड उघडलं. एरवी मी त्याची अशी खरडपट्टी काढली असती, की खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं असतं. पण माझ्या हातात त्याच्या सहीचा कागद होता. तोसुद्धा माझाच विद्यार्थी. त्यालाही मीच शिकवलं होतं, त्याच तारखांना, त्याच जिन्यांवर.

मी खाटेपाशी गेले आणि म्हाताऱ्याचं मनगट धरलं. पूर्ण मिनिट मोजलं. ब्याऐंशी. काही झालेलं नव्हतं. म्हाताऱ्याने डोळे उघडून विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, आजोबा." मिनिटभर मला शिंप्याचं मनगट आठवत राहिलं, जे मी धरलंच नव्हतं.

खाली येताना मी मधल्या जिन्यावर बसले. कधी बसत नाही, तिथे रुग्णांना नेतात-आणतात. एका मांडीवर मोठा तक्ता, चोवीस सह्या. दुसऱ्या मांडीवर लहान, नऊ. मला घर हवं होतं. मला ते इतकं हवं होतं, की मी शंकाला मनातल्या मनात पुन्हा पुन्हा मूर्ख म्हणत होते, आणि प्रत्येक वेळी ती हात वर करून मला थांबवत होती आणि श्वास मोजत होती. तीन वर्षं मी पन्नास पोरांना शिकवलं. त्यांतली एक शिकली होती. आणि तिला मी म्हटलं होतं, की मी उशा शिवत बसले असते तर बरं.

चारला दहा कमी असताना मी खिडकीपाशी वाकले आणि लहान तक्ता आत सरकवला.

काकांनी बोटाने ओळी मोजल्या. "नऊच?"

"नऊच."

"आणि ही शेवटची काय? 'न पाहिलेल्यावर सही करायची नाही. स्थळ: चादरींची खोली.'" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हा विषय अभ्यासक्रमात नाही, डॉक्टर."

"नाही."

"अर्ज बाद होणार हा."

"माहीत आहे."

"मग देता कशाला?"

"शिकवलं होतं म्हणून," मी म्हटलं.

त्यांनी सुस्कारा सोडला, शिक्का उचलला आणि वरच्या कोपऱ्यात 'अपूर्ण' असा उठवला. मोठा तक्ता माझ्या खिशात होता. माझा हात खिशात होता. अजून सहा मिनिटं होती, मग चार, मग काकांनी घड्याळाकडे बघून खिडकीची फळी ओढायला घेतली. मी जोरात म्हटलं, "काका!" त्यांनी फळी अर्ध्यावर थांबवली. "काय?" मी म्हटलं, "काही नाही." फळी बंद झाली. मी तशीच वाकलेली, बंद फळीसमोर किती वेळ उभी होते कोण जाणे. मागून जाणाऱ्या कुणीतरी विचारलं, पाठ धरली का.

शंकाला शोधायला गेले, पण तिची ड्युटी संपली होती.

घरी पोचले तेव्हा सहा वाजले होते. किल्ली लावण्याआधीच आतून आवाज आला, "आज पाय ओढत आलीस."

आई टेबलाशी बसली होती. डाव्या हाताने कपड्यांच्या घड्या घालत होती, पट्टीतला उजवा मांडीवर. मी चपला काढल्या आणि उभ्यानेच सांगायला लागले. मग आठवलं, आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. सगळं सांगितलं. दोन्ही तक्ते, चौदा तारीख, इस्त्री, काका. शिंप्याचंही सांगितलं, ते तिला कधी सांगितलं नव्हतं.

मला वाटलं होतं, ती माझ्या डोक्यावरून हात फिरवेल. तिने हातातला टॉवेल टेबलावर आपटला.

"एवढ्या पोरांना शिकवलंस, आणि तुला एक सही कुणी देईना?"

"दिली आई. एकीने दिली. नऊ ओळींवर."

"नऊ ओळींवर घर राहत नाही!"

ती बरोबरच होती. टेबलाची कड तिने घट्ट धरली, जणू आत्ताच कुणी ते हलवणार होतं. आणि मग ती रडली. वडील गेले तेव्हा, नजर गेली तेव्हा, ती माझ्यासमोर रडली नव्हती. मी रडू नकोस म्हणू शकले नाही. मी माझ्या हाताने तिचं घर घालवलं होतं.

बऱ्याच वेळाने तिने पदराने तोंड पुसलं. "दादाकडे मी जाणार नाही."

"नको जाऊस."

"मग ते तुझं गाव. कसली जागा आहे?"

"दोन खोल्या आहेत म्हणे. हॉस्पिटलच्या मागेच." तिला धीर यावा म्हणून मी भराभर बोलायला लागले. "तळमजलाच आहे. बाहेर चारपाच पायऱ्या, बस. दारापासून ओटा म्हणशील तर पंधरा-सोळा पावलांवर असेल."

"पंधरा, की सोळा?"

माझ्या तोंडावर आलं होतं, की पंधरा. तिने मान माझ्या दिशेला वळवली होती आणि कान देऊन ऐकत होती, पूर्वी टेलिफोनवर ऐकायची तशी. पट्टीतल्या हाताची बोटं टेबलावर उघडी होती.

"माहीत नाही, आई," मी म्हटलं. "मी पाहिलेलं नाही."

तिने टॉवेल चाचपून उचलला आणि पुन्हा घडी घालायला घेतली. एक घडी, दुसरी.

"मग आधी जा. बघून ये, मोजून ये," ती म्हणाली. "मग मी ठरवीन, यायचं की नाही ते."

"हो."

"आणि पायऱ्या दोनदा मोज."